शाळा सुटली, पुढे काय?
माती, रोपे आणि रोजगार

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ मध्ये संमत झाला. ज्यांचे अपंगत्व ४० टक्के किंवा त्याहून जास्त आहे, अशा मुलांना ६ ते १८ वर्षे वयापर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क या कायद्याने दिला. ही फार मोठी गोष्ट आहे. पण हाच आकडा उलट बाजूने वाचून पाहा. अठरावा वाढदिवस झाला की तो हक्क संपतो. सकाळचा डबा, गणवेश, रिक्षावाले चाचा, शाळेतली घंटा, शेजारी बसणारा दोस्त, सगळे एका दिवसात बंद होते. बारा वर्षे ज्या शिस्तीवर त्या मुलाचे जगणे उभे होते ती शिस्तच जाते, आणि 'उद्यापासून शाळा नाही' हे त्याला समजावून सांगणे घरातल्या कोणाला जमत नाही. किती तरी मुले पुढचे सहा-सहा महिने रोज सकाळी दप्तर घेऊन दारात उभी राहतात.

काही शहरांत विशेष शाळेला जोडून अठरा वर्षांवरील मुलांसाठी कार्यशाळा असते. तिथे कागदी पिशव्या, फाइली, मेणबत्त्या, राख्या, पणत्या असे काम चालते. ज्यांच्या गावात अशी कार्यशाळा आहे त्यांनी अल्लाहचे आभार मानावेत. पण तालुक्याच्या गावात ती सहसा नसते, आणि जिथे असते तिथे जागा कमी आणि नावे जास्त. मग मुलगा घरी बसतो. टीव्ही पाहतो, खातो, जाड होतो, चिडचिडा होतो. घरचे म्हणतात, 'पहले तो ऐसा नहीं था.' पहिल्यांदा तो असा नव्हता हे खरेच आहे, कारण पहिल्यांदा त्याला काम होते.

हा लेख अशा मुलांविषयी, म्हणजे खरे तर अशा प्रौढ माणसांविषयी आहे. बौद्धिक अक्षमता, डाउन सिंड्रोम, ऑटिझम म्हणजे स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी या सगळ्या जन्मापासूनच्या किंवा लहानपणी दिसू लागणाऱ्या अवस्था आहेत. हा मानसिक आजार नव्हे. उतारा, तावीज, लग्न लावून देणे यांनी ती अवस्था जात नाही. सेरेब्रल पाल्सीत तर हातापायांच्या हालचालींवर ताबा नसतो, बुद्धी पुष्कळदा तुमच्या-आमच्यासारखीच असते. बोलणे अडखळते म्हणून लोक त्याला 'कमअक्ल' ठरवून मोकळे होतात.

आपल्या घरांत अशा मुलांना प्रेमाने वागवतात हे मी नाकारत नाही. 'भोला आहे', 'अल्लाहवाला आहे', 'अल्लाह मियाँ की गाय है' असे म्हणतात. शब्दात माया आहे, पण त्याच शब्दाने दारही बंद होते. अल्लाह मियाँच्या गायीला कोणी नोकरी देत नाही, पगार देत नाही, तिचे मत विचारत नाही. पंचवीस वर्षांच्या माणसाला घरातले पाच वर्षांचे पोर नावाने हाक मारते आणि मोठे हसतात. मी उर्दू माध्यमाच्या शाळेत शिकवते, विशेष शिक्षणाची माझी पदवी नाही. पण बी.एड.ला शिकलेले एक तत्त्व इथे तंतोतंत लागू पडते: मूल शिकत नसेल तर आधी शिकवण्याची रीत तपासावी, मुलाला नंतर.

हेच तत्त्व अमेरिकेतील मार्क गोल्ड या शिक्षणतज्ज्ञाने १९७० च्या दशकात जगाला करून दाखवले. ज्यांना 'काहीच शिकता येणार नाही' म्हणून संस्थांमध्ये टाकून दिले होते, अशा तीव्र बौद्धिक अक्षमता असलेल्या व्यक्तींना त्याने सायकलचा ब्रेक जोडायला शिकवला. सुटे भाग पंधरा, क्रम ठरलेला, एक भाग उलटा बसला तर ब्रेक लागत नाही. आपल्यातले कितीजण तो पहिल्या झटक्यात जोडतील? गोल्डने काम लहान लहान पायऱ्यांत तोडले. बोलणे कमी केले, हाताने दाखवणे वाढवले. एक रीत चालली नाही तर शिकणाऱ्याला नापास न करता दुसरी रीत वापरली. आज अपंग प्रौढांना काम शिकवण्याची जी पद्धत जगभर आहे, तिच्या मुळाशी हे पायऱ्या पाडणे आहे.

आता हे बागेत आणू. रोपवाटिकेत सगळ्यात जास्त लागणारे आणि सगळ्यांना कंटाळवाणे वाटणारे काम म्हणजे पिशव्या भरणे. मालक एका वाक्यात सांगतो, 'त्या पिशव्या भरून ठेव.' पण या एका वाक्यात किती कामे दडली आहेत पाहा. गठ्ठ्यातून एकच पिशवी सोडवायची. तिचे तोंड उघडायचे. ती उभी धरायची. माती, शेणखत आणि वाळूचे मिश्रण घालायचे. ठोकून बसवायचे. वर दोन बोटे जागा सोडायची, नाहीतर पाणी बाहेर सांडते. मग ट्रेमध्ये ठेवायची. त्यातली पिशवीचे तोंड उघडण्याची पायरी आणि ती उभी धरण्याची पायरी, इथेच बहुतेक मुले अडतात, कारण प्लास्टिक मऊ असते आणि कोलमडते.

यावर उपाय साधा आहे. दोन्हीकडून उघडा असा एक डबा किंवा जाड पाइपचा तुकडा घ्यायचा, पिशवी त्याच्यात घालून तिचे तोंड वरून काठावर दुमडायचे. आता दोन्ही हात मोकळे. माती मोजायला पाण्याची बाटली तिरकी कापून केलेले माप, आणि 'दोन मापे म्हणजे एक पिशवी' हा नियम. मोजता येत नसेल तर ट्रेलाच दहा खण करायचे. खण भरले की काम झाले. अंक न शिकता दहा मोजले गेले. ज्याला बोललेले लक्षात राहत नाही त्याच्यासमोर भिंतीवर पायऱ्यांचे फोटो ओळीने लावायचे, शक्यतो त्याच्याच हातांचे फोटो.

आणखी एक युक्ती शिक्षकांच्या उपयोगाची आहे. पहिली पायरी आधी शिकवण्याऐवजी शेवटची आधी शिकवावी. म्हणजे सगळी पिशवी आपण भरायची आणि ट्रेमध्ये ठेवण्याचे काम त्याला द्यायचे. 'झाले!' हा आनंद पहिल्याच दिवशी त्याच्या वाट्याला येतो. मग शेवटच्या दोन, मग तीन. आपण मात्र नेहमी उलट करतो. सुरुवात त्याच्याकडून करवून घेतो, अर्ध्यावर तो अडला की हातातून काढून घेतो आणि शेवट आपण करतो. वर्षानुवर्षे त्याला कुठलेही काम पूर्ण झाल्याचा अनुभवच मिळत नाही.

निंदणी त्याहून कठीण. गवत कोणते आणि रोप कोणते, हे नव्या माणसालाही कळत नाही. पण बी जर दोरी धरून ओळीत पेरले तर नियम सोपा होतो: दोरीवरचे राहू द्यायचे, दोरीबाहेरचे उपटायचे. बी फेकून पेरलेल्या वाफ्यात हाच मुलगा निरुपयोगी ठरतो, ओळीच्या वाफ्यात कामाचा ठरतो. मुलगा तोच, फक्त वाफा बदलला.

पाणी देणे सगळ्यांना आवडते आणि त्यातच नुकसान जास्त होते. झारी हातात आली की थांबणे कठीण. कोवळ्या रोपांना पाणी जास्त झाले तर ती बुडाशी कुजून कोलमडतात. आमच्या फूफीचा मुलगा आज २७ वर्षांचा आहे, डाउन सिंड्रोम आहे, आणि गावाबाहेरच्या एका नर्सरीत तो चौथे वर्ष काम करतो. पहिल्या महिन्यात त्याने मिरचीची रोपे अशीच बुडवली होती. रागावून उपयोग झाला नाही. शेवटी नर्सरीतल्या एका माळीमावशीने जुन्या बांगड्या आणल्या. पाणी घातलेल्या ट्रेवर तो एक बांगडी ठेवतो. बांगडी असलेल्या ट्रेला पाणी नाही. बांगड्या संपल्या की पाणी संपले. शाळा न पाहिलेल्या त्या मावशींची ही युक्ती ऐकून मला माझी बी.एड.ची पाठटाचणे आठवली आणि थोडे हसूही आले.

त्याची कहाणी थोडी सविस्तर सांगते, कारण तिच्यात आपल्या घरोघरीचा एक प्रश्न आहे. फूफांच्या ओळखीने तो नर्सरीत जाऊ लागला तेव्हा पगाराची बोलणी झालीच नव्हती. मालक भला माणूस. त्याला वाटले, पोराचा वेळ जातो, आपल्याला सवाब मिळतो. फूफांनाही तेवढेच पुरे होते. म्हणाले, 'घर में बैठा रहता था, वहाँ दिल लगा रहता है.' सहा महिन्यांत तो दिवसाला शंभराच्या वर पिशव्या भरू लागला. तेव्हा फूफी, ज्यांनी आयुष्यात कधी पुरुषांच्या व्यवहारात तोंड घातले नव्हते, त्या रिक्षा करून नर्सरीत गेल्या. मालकाला म्हणाल्या, 'भाईजान, जो दुसऱ्या मजुराला पिशवीमागे देता ते याला द्या. त्याने दहा भरल्या तर दहाचे द्या, पण द्या.' मालक वरमला. घरी मात्र फूफा दोन दिवस बोलले नाहीत. त्यांना वाटले, उपकाराच्या जागी हिशेब आणला.

मला फूफींचे बरोबर वाटते. वेळ घालवायला कोणी काम करत नाही, तुम्ही-आम्हीही नाही. जगभर या मुद्द्यावर भांडण आहे. अमेरिकेत १९३८ च्या कामगार कायद्यातल्या एका कलमाने अपंग कामगारांना किमान वेतनापेक्षा कमी मजुरी देण्याची परवानगी ठेवली, आणि ते कलम रद्द करावे म्हणून तिथल्या अपंगांच्या संघटना वर्षानुवर्षे लढत आहेत. संयुक्त राष्ट्रांचा अपंग व्यक्तींच्या हक्कांचा करारनामा २००६ चा. भारताने त्याला २००७ मध्ये मान्यता दिली. त्यात इतरांच्या बरोबरीने काम करण्याचा आणि त्यातून पोट भरण्याचा हक्क स्पष्ट आहे. कामाचा वेग कमी असेल तर नगावर मजुरी हा मधला मार्ग मला मान्य आहे, पण दर तोच हवा जो इतरांना आहे. 'बिचारा' म्हणून दर कमी करणे ही मदत नव्हे.

पहिल्या पगाराचे त्याने काय केले हे सांगितल्याशिवाय राहवत नाही. त्याने स्वतःसाठी काही घेतले नाही. पाव किलो जिलेबी आणली आणि ज्या पुतण्याने त्याला नेहमी नावाने हाक मारली त्याच्यापुढे ठेवली. त्या दिवसापासून पुतण्या 'चाचा' म्हणतो. जिलेबीमुळे म्हणत असेल, असो.

झाडांमधले काम या मुलांना का जमते, याची काही कारणे मला पटतात. ते काम घाई करत नाही. यंत्रावर हात मागे राहिला तर अपघात होतो, दुकानात गिऱ्हाईक ओरडते. कुंडी वाट पाहते. काम रोज तेच आणि त्याच क्रमाने असते, आणि ऑटिझम असलेल्या माणसाला हे नेमके हवे असते. केलेल्याचा परिणाम डोळ्यांनी दिसतो. मेथी तीन ते पाच दिवसांत उगवते, महिनाभरात जुडी बांधता येते. झेंडूचे बी आठवड्याच्या आत वर येते, तीन-चार आठवड्यांत रोप लावणीला येते. शिवाय कामे इतक्या प्रकारची आहेत की बसून करणाऱ्याला, उभे राहून करणाऱ्याला, एक हात चालणाऱ्याला, न बोलणाऱ्याला, प्रत्येकाला काही ना काही सापडते. चाकाच्या खुर्चीवरच्या मुलासाठी वाफा टेबलाच्या उंचीवर उचलून घेतला की झाले.

पण बाग म्हणजे जादू नव्हे. ऑटिझम असलेल्या काहींना ओल्या मातीचा स्पर्श अजिबात सहन होत नाही. ते किंचाळतात, कपडे काढून फेकतात. त्यांना जबरदस्ती करू नये. कोणाला हातमोजे चालतात, कोणाला कोरडे काम चालते: बी निवडणे, पाकिटे भरणे, कुंड्यांवर चिठ्ठ्या लावणे. आणि एखाद्याला झाडे आवडतच नसतील तर त्याला कपड्यांच्या दुकानात घडी घालायला पाठवावे. आवड-नावड त्यालाही असते.

बागकामातून माणसे उभी करण्याचा विचार जुना आहे, आणि त्यातली एक गोष्ट मला विशेष भावते. कार्ल कोनिग हे व्हिएन्नाचे बालरोगतज्ज्ञ. ज्यू घराण्यातले. १९३८ मध्ये हिटलरने ऑस्ट्रिया गिळला तेव्हा त्यांना देश सोडावा लागला. स्कॉटलंडमध्ये आश्रय मिळाला, तिथे त्यांनी आणि त्यांच्या तरुण सहकाऱ्यांनी अपंग मुलांसोबत राहायला सुरुवात केली. १९४० मध्ये ॲबर्डीनजवळच्या कॅम्पहिल नावाच्या जागेत जायचे ठरले, आणि नेमके त्याच वेळी ब्रिटिश सरकारने 'शत्रुराष्ट्राचे नागरिक' म्हणून त्यांच्यातल्या पुरुषांना पकडून नेले. बाया मागे राहिल्या. त्यांनी सामान हलवले, मुलांना सांभाळले, जागा उभी केली. त्याच जागेच्या नावाने पुढे जगभर कॅम्पहिल वस्त्या झाल्या. जर्मनीत त्या काळात अपंगांना मारून टाकण्याची मोहीम सरकार चालवत होते, आणि इकडे घरदार गमावलेली ही निर्वासित माणसे त्याच मुलांबरोबर भाज्या लावत होती.

मुले मोठी झाली तेव्हा कॅम्पहिलपुढेही तोच प्रश्न आला: पुढे काय? म्हणून १९५५ मध्ये इंग्लंडच्या नॉर्थ यॉर्कशायरमध्ये बॉटन व्हिलेज सुरू झाले, खास प्रौढांसाठी. शेती, भाजीमळे, गोठा, बेकरी, आणि सगळ्यांनी मिळून काम. त्याच देशात १९७० च्या दशकाच्या अखेरीस बागकामातून उपचार आणि प्रशिक्षण देणारी एक संस्था निघाली, तिला आज 'थ्राइव्ह' म्हणतात. लंडनच्या बॅटरसी पार्कमध्ये तिची बाग आहे. शहराच्या सार्वजनिक बागेतच हे लोक काम करतात, येणारे-जाणारे त्यांना पाहतात.

आपल्याकडे मुंबईत जय वकील यांनी १९४४ मध्ये बौद्धिक अक्षम मुलांसाठी शाळा सुरू केली. त्यामागे त्यांची स्वतःची मुलगी होती. त्या संस्थेत आज प्रौढांना काम शिकवण्याचा विभाग आहे. पुणे जिल्ह्यात मुळशी तालुक्यातील कोळवण खोऱ्यात 'साधना व्हिलेज' आहे. तिथे बौद्धिक अक्षम प्रौढ घरासारख्या लहान गटांत राहतात आणि झेपेल ते काम करतात.

अशी वेगळी वस्ती बरी की गावातल्या साध्या नर्सरीत चार माणसांत काम करणे बरे, यावर जाणकारांत एकमत नाही. वेगळ्या वस्तीत माया आणि सुरक्षा असते, पण बाहेरचे जग दूर राहते. साध्या नर्सरीत जग भेटते, त्याबरोबर टिंगलही भेटते. माझा कल दुसऱ्या बाजूला आहे, एका अटीवर: पहिले काही महिने मुलाबरोबर एक शिकवणारा माणूस तिथेच उभा हवा, आणि हळूहळू तो मागे सरकायला हवा. आधी शिकवून मग कामावर पाठवण्यापेक्षा कामावरच शिकवणे चांगले, कारण शाळेच्या कुंडीत शिकलेले ही मुले नर्सरीच्या कुंडीत आपोआप लावत नाहीत. जागा बदलली की त्यांच्यासाठी कामच बदलते.

मुलींचे काय? या लेखासाठी मी ज्या घरांत गेले त्यांतल्या एकाही घराने मुलीला बाहेर कामाला पाठवलेले नाही. भीती खोटी नाही. ज्या मुलीला 'नको' म्हणता येत नाही, झालेले सांगता येत नाही, तिच्याविषयी आईला झोप लागत नाही. पण कोंडून ठेवल्याने 'नको' म्हणता येत नाही, ते शिकवावे लागते: अंगाला कोणी कुठे हात लावू शकतो, कुठे नाही, आणि लावला तर कोणाकडे धावत जायचे. हे मुलींना, आणि मुलांनाही, पायऱ्या पाडूनच शिकवता येते. तोपर्यंत गच्चीवरची बाग आहे. पुदिन्याच्या काड्या पाण्यात ठेवल्या तरी मुळे धरतात. कढीपत्ता, ओवा, कोरफड, गवती चहा, मेहंदी, या सगळ्यांना गल्लीतच गिऱ्हाईक असते. दोन-तीन घरांच्या मुली एका गच्चीवर आल्या तर तिथे दोस्तीही होते, जिची त्यांना कामाहून जास्त भूक असते.

तब्येतीच्या काही गोष्टी आधी डॉक्टरांना विचाराव्यात. अशा अनेकांना फिट येते. त्यांनी विहिरीच्या, हौदाच्या काठी एकट्याने काम करू नये. काही औषधांनी घाम कमी येतो किंवा ऊन लवकर लागते, म्हणून उन्हाळ्यात काम सकाळीच. डाउन सिंड्रोममध्ये काहींच्या मानेचे मणके सैल असतात, डोक्यावर मातीची पाटी देऊ नये. हृदयाची तपासणीही झालेली असावी. मातीत हात घालणाऱ्या प्रत्येकाने धनुर्वाताचे इंजेक्शन घेतलेले असावे. कीटकनाशकाची बाटली कुलपात. सरबताच्या बाटलीत औषध भरून ठेवण्याची आपली सवय इथे जीवघेणी ठरेल.

कागदपत्रांचा कंटाळा करू नये. अपंगत्वाचे प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्ड आधी काढावे, त्यावर पुढचे सगळे अवलंबून आहे. २०१६ च्या कायद्याने सरकारी नोकऱ्यांत ४ टक्के जागा राखून ठेवल्या. त्यांतील १ टक्का ऑटिझम, बौद्धिक अक्षमता, मानसिक आजार, विशिष्ट अध्ययन अक्षमता आणि बहुविकलांगता यांच्यासाठी आहे. माळीकामासारख्या पदांची जाहिरात निघाली तर हे लक्षात असू द्यावे. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता आणि बहुविकलांगता असलेल्यांसाठी 'निरामय' ही आरोग्य विमा योजना आहे, १ लाख रुपयांपर्यंतची.

त्याच कायद्यात पालकत्वाची तरतूद आहे, आणि इथे बहुतेक घरे गाफील असतात. मुलगा अठराचा झाला की आईवडील आपोआप त्याचे कायदेशीर पालक राहत नाहीत. जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील स्थानिक समितीकडे अर्ज करून पालक नेमून घ्यावा लागतो. नेमलेल्या पालकाला सहा महिन्यांच्या आत त्या व्यक्तीच्या मालमत्तेची यादी द्यावी लागते आणि दरवर्षी हिशेब द्यावा लागतो. वारसाहक्काच्या बाबतीत तर आपल्याकडे शंकेला जागाच नाही. अपंग मुलाचा हिस्सा इतर भावंडांइतकाच पक्का आहे, बुद्धी कमी म्हणून तो बुडत नाही. तरीही 'याला काय कळते, आम्ही सांभाळूच की' असे म्हणत अंगठा घेतला जातो. सांभाळतातही, काही वर्षे. नर्सरीतला पगार त्याच्या स्वतःच्या खात्यात जमा होतो का, हेही याच हिशेबात मोजावे.

फूफी आता ६८ च्या आहेत. पालकत्वाचा अर्ज अजून झालेला नाही. दोन थोरले मुलगे 'आम्ही आहोत ना' म्हणतात, आणि सही कोणी करायची यावर घरात शांतता पसरते. मागच्या महिन्यात फूफींनी तो कागद स्वतःच मागवून घेतला आहे. मधल्या बहिणीचे नाव घालायचे, असे त्यांच्या मनात आहे. बहीण दुसऱ्या शहरात असते, पण रविवारी भाऊ तिलाच फोन लावून सांगतो, आज किती पिशव्या झाल्या.

ज्यांना सुरुवात करायची आहे त्यांना फार पैसा लागत नाही. तीन-चार घरे एकत्र यावीत. एक गच्ची किंवा अंगण, पन्नास पिशव्या, दोन झाऱ्या, चार खुरपी, एका गाडीचे शेणखत वाटून. जवळच्या नर्सरीवाल्याला आठवड्यातून एकदा बोलवावे, त्याला चहा आणि त्याच्या वेळेचे पैसे द्यावेत. पहिले पीक मेथीच घ्यावे, कारण ती लवकर दिसते आणि फसत नाही. वेळ ठरलेली असावी, सकाळी नऊ म्हणजे नऊ, हजेरी मांडावी, आणि विक्रीचे पैसे थोडे का असेनात पण त्याच दिवशी हातात द्यावेत. रमजानच्या पंधरा-वीस दिवस आधी पुदिन्याच्या काड्या लावल्या आणि महिनाभर आधी कोथिंबीर पेरली, तर इफ्तारच्या चटणीसाठी जुड्या घ्यायला माणसे असरनंतर गच्चीच्या जिन्यापर्यंत येतात. तेव्हा जुडी आणि पैसे या देवाणघेवाणीला मुलालाच पुढे उभे करावे, आपण दोन पायऱ्या मागे थांबावे.